मांजराच्या मुतखड्याचे पथ्य : कमी पैशांत, पण शास्त्र न सोडता

मांजराला लघवीचा त्रास झाला की डॉक्टर औषधाबरोबर एक खास खाद्य लिहून देतात. आपण ते आणायला दुकानात जातो, किंमत ऐकतो आणि पिशवी परत फळीवर ठेवतो. मग कोणी सांगते, साधे खाद्य चालते. कोणी सांगते, नारळपाणी पाजा. कोणी म्हणते, ‘परवडत नाही तर पाळता कशाला?’ हा शेवटचा टोमणा आपल्या वस्त्यांमध्ये अनेकांना ऐकावा लागतो. उंदीर पळवायला म्हणून आलेले मांजर वर्ष-दोन वर्षांत घरातले होऊन जाते. ते आजारी पडल्यावर त्याच्यावर उपचार करावेसे वाटणे ही श्रीमंतांची मक्तेदारी नाही, असे आम्ही मानतो.

पण नुसत्या मायेने मुतखडा विरघळत नाही. त्यासाठी आजार काय आहे, खाद्य नेमके काय करते, कुठे पैसे वाचवता येतात आणि कुठे वाचवले तर मांजर जिवाला मुकते, हे माहीत हवे. म्हणून हा लेख.

आधी हे वाचा : अडलेली लघवी उद्यावर ढकलता येत नाही

बोक्याचा मूत्रमार्ग लांब आणि फार अरुंद असतो. बारीक खडा किंवा चिकट द्रव आणि स्फटिकांचा गोळा त्यात अडकला की लघवी पूर्ण बंद होते. बोका पुन्हा पुन्हा मातीच्या ट्रेमध्ये जाऊन बसतो, कुंथतो, ओरडतो, मागचा भाग सतत चाटतो. पण ट्रे कोरडाच राहतो. पुष्कळ घरांत याला बद्धकोष्ठ समजून एरंडेल देतात आणि त्यात दिवस जातो. पुढे उलट्या सुरू होतात, अंग गार पडते, बोका निपचित होतो. लघवीवाटे बाहेर पडणारे पोटॅशियम रक्तात साठते आणि त्याने हृदय बंद पडू शकते. पूर्ण अडथळा असेल तर एक-दोन दिवसांत, फार तर तीन दिवसांत जीव जातो.

अशा वेळी खाद्य, काढा, पाणी यातले काहीही उपयोगाचे नाही. लागलीच दवाखाना गाठायचा. पोट दाबून लघवी काढायचा प्रयत्न घरी करू नका. ताणलेले मूत्राशय फुटू शकते. माणसाची वेदनाशामक गोळी देऊ नका. पॅरासिटामॉल मांजराला विषासारखे असते, एक गोळीही जीव घेऊ शकते. नारळपाण्यात पोटॅशियम असते, म्हणून लघवी अडलेल्या बोक्याला ते पाजणे आगीत तेल ओतण्यासारखे आहे.

मांजरीचा मूत्रमार्ग रुंद असल्याने तिची लघवी सहसा पूर्ण अडत नाही. पण रक्ताची लघवी, थेंब थेंब लघवी, भलत्या ठिकाणी लघवी ही लक्षणे तिच्यातही दिसतात आणि तपासणी तिलाही लागतेच.

‘लघवीचा आजार’ म्हणजे एकच आजार नव्हे

लक्षणे सारखी, पण कारणे वेगवेगळी. तरुण आणि मध्यमवयीन मांजरांमध्ये सर्वांत जास्त आढळतो तो मूत्राशयाचा दाह, ज्याचे एक ठराविक कारण तपासणीत सापडत नाही. ताणतणावाशी त्याचा जवळचा संबंध आहे. त्यानंतर येतात मुतखडे आणि मूत्रमार्गात बसणारे गोळे. जंतुसंसर्ग तरुण मांजरांत कमी, म्हाताऱ्या मांजरांत जास्त असतो. त्यामुळे प्रत्येक वेळी अँटिबायोटिक देऊन आजार बरा होईल, असे समजू नये.

मुतखड्यांतही दोन मुख्य प्रकार आहेत. पहिला स्ट्रुव्हाइट. हा मॅग्नेशियम, अमोनियम आणि फॉस्फेटचा बनतो. लघवी घट्ट आणि कमी आम्लधर्मी झाली की तो तयार होतो. योग्य खाद्य दिले तर तो विरघळतो. बऱ्याच मांजरांत साधारण एक ते चार आठवड्यांत. दुसरा कॅल्शियम ऑक्झलेट. हा कोणत्याही खाद्याने विरघळत नाही. तो काढावा लागतो. खाद्याचे काम पुन्हा होऊ नये एवढेच.

हा फरक पैशांच्या दृष्टीनेही मोलाचा आहे. स्ट्रुव्हाइट असेल तर महिनाभराचे महागडे खाद्य शस्त्रक्रियेपेक्षा स्वस्त पडते. ऑक्झलेट असेल तर खडा विरघळवणारे खाद्य आणणे म्हणजे पैसे पाण्यात.

अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात १९८१ मध्ये मुतखडे तपासणारे केंद्र सुरू झाले. सुरुवातीला तिथे येणाऱ्या मांजरांच्या खड्यांत तीन चतुर्थांशाहून जास्त स्ट्रुव्हाइट असत. मग कंपन्यांनी खाद्यातले मॅग्नेशियम कमी केले आणि लघवी अधिक आम्लधर्मी होईल अशी रचना केली. स्ट्रुव्हाइट घटला, पण ऑक्झलेट वाढत गेला आणि २००० च्या सुमारास निम्म्याहून जास्त खडे ऑक्झलेटचे निघू लागले. यातून घ्यायचा धडा असा : ‘लघवी आम्लधर्मी करा म्हणजे झाले’ हे अर्धे शास्त्र आहे. लिंबू, व्हिनेगर किंवा कोणती तरी पावडर मनाने देऊ नका. आणि डॉक्टरांनी दिलेले आम्लधर्मी खाद्य चालू असताना त्यात आणखी आम्ल वाढवणारे औषध त्यांना विचारल्याशिवाय मिसळू नका.

या खाद्यात असते तरी काय?

रॉयल कॅनिनचे ‘युरिनरी एस/ओ’, हिल्सचे ‘सी/डी’, फार्मिनाचे ‘व्हेट लाइफ स्ट्रुव्हाइट’ ही आपल्याकडे मिळणारी काही नावे. त्यांचे काम साधारण तीन पद्धतींनी चालते. एक, मॅग्नेशियम आणि फॉस्फरस मोजून दिलेले असते. दोन, लघवीचा पीएच सहा ते साडेसहाच्या दरम्यान राहील अशी जुळणी असते. तीन, काही खाद्यांत मीठ थोडे जास्त असते, म्हणजे मांजर जास्त पाणी पिते आणि लघवी पातळ होते.

हे खाद्य सगळ्यांसाठी नाही. मूत्रपिंड निकामी होत असलेले मांजर, गाभण मांजरी, पिल्ले यांना ते डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नये. घरात दोन-तीन मांजरे असतील तर आजारी मांजराचे जेवण वेगळे, दार लावून किंवा उंच जागी द्यावे. त्यात पैसेही वाचतात, कारण महाग खाद्य निरोगी मांजरांच्या पोटात जात नाही.

दुकानात आणखी एक घोळ होतो. पाकिटावर ‘युरिनरी केअर’ लिहिलेले साधे खाद्य आणि उपचारासाठीचे खाद्य या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एकाच कंपनीची दोन्ही पाकिटे शेजारी शेजारी असू शकतात. पहिले स्वस्त असते. निरोगी मांजराला ते चालेल, पण असलेला खडा विरघळवण्यासाठी त्यावर विसंबू नये. डॉक्टरांच्या चिठ्ठीवरचे पूर्ण नाव पाकिटावरच्या नावाशी अक्षरन् अक्षर जुळवून पाहा.

पाणी : सर्वांत स्वस्त औषध

मांजराचे पूर्वज कोरड्या, वाळवंटी प्रदेशातले. शिकारीतल्या मांसातून पाणी मिळवायचे आणि लघवी खूप घट्ट करून पाणी वाचवायचे, अशी त्याच्या शरीराची घडण. म्हणून कोरडे खाद्य खाणारे मांजर तहान लागूनही पुरेसे पाणी पीत नाही.

आकडे पाहा. चार किलोच्या मांजराला दिवसाला साधारण २०० मि.ली. पाणी लागते. कोरड्या खाद्यात पाणी १० टक्क्यांच्या आसपास. दिवसाचे ५५ ग्रॅम कोरडे खाद्य खाल्ले तर त्यातून जेमतेम ५ मि.ली. पाणी पोटात जाते. ओल्या खाद्यात ७५ ते ८० टक्के पाणी. तेवढीच ऊर्जा देणारे सव्वादोनशे ग्रॅम ओले खाद्य खाल्ले तर पावणेदोनशे मि.ली. पाणी जेवणातूनच मिळते.

१९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मूत्राशयाचा दाह असलेल्या मांजरांना एकाच धर्तीचे खाद्य ओल्या आणि कोरड्या स्वरूपात वर्षभर दिले गेले. ओले खाणाऱ्यांपैकी ११ टक्के मांजरांना त्रास पुन्हा झाला, कोरडे खाणाऱ्यांपैकी ३९ टक्क्यांना. अभ्यास लहान होता, पण त्याची दिशा आजही पशुवैद्यक मानतात : लघवी पातळ ठेवा.

ओली पाकिटे महाग पडतात. त्यावर उपाय आहे. डॉक्टरांनी दिलेल्या कोरड्या खाद्यातच कोमट पाणी घाला. पहिल्या दिवशी एक चमचा, मग दोन, असे वाढवत खाद्याच्या दुप्पट पाण्यापर्यंत जा. भिजवलेले खाद्य आपल्याकडच्या उकाड्यात लवकर आंबते, म्हणून दिवसाचा वाटा चार-पाच वेळांत विभागून द्या आणि तास-दीड तासात उरलेले टाकून द्या. पाण्याची दोन-तीन भांडी घरात वेगवेगळ्या जागी ठेवा, जेवणाच्या ताटलीपासून आणि मातीच्या ट्रेपासून लांब. भांडे रुंद असावे आणि पाणी रोज बदलावे. कोंबडीचा तुकडा नुसत्या पाण्यात उकळून निघालेले पाणी दोन चमचे घातले तर हटवादी मांजरही पिते. त्यात मीठ, मसाला, कांदा, लसूण काहीही नको. कांदा-लसूण मांजराच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतात.

हिशेब पाकिटाचा नको, दिवसाचा करा

पाकिटाची किंमत पाहून आपण घाबरतो. पण प्रश्न पाकिटाचा नसतो, दिवसाला किती रुपये लागतात याचा असतो. त्यासाठी पाकिटाची किंमत भागिले पाकिटातले ग्रॅम, गुणिले दिवसाचे ग्रॅम.

समजा, ४०० ग्रॅमचे पाकीट ६०० रुपयांना आहे. एक ग्रॅम दीड रुपयाला पडला. दिवसाला ५५ ग्रॅम म्हणजे साडेब्याऐंशी रुपये आणि पाकीट सातच दिवस पुरते. त्याच खाद्याची दीड किलोची पिशवी १८०० रुपयांना असेल, तर ग्रॅम एक रुपया वीस पैशांना पडतो. दिवसाचे ६६ रुपये आणि पिशवी २७ दिवस चालते. महिन्याला पाचशे रुपयांच्या आसपास फरक. हे आकडे नुसते उदाहरणाचे आहेत. तुमच्या दुकानातले भाव घालून हाच हिशेब मांडा.

अडचण अशी की हातावर पोट असणाऱ्याला एकदम १८०० रुपये काढता येत नाहीत, म्हणून तो लहान पाकीट घेतो आणि जास्त पैसे मोजतो. गरिबाला प्रत्येक गोष्ट महाग पडते ती अशी. इथे एकत्र येण्याचा उपयोग होतो. आपल्याच वस्तीत किंवा ओळखीत ज्यांच्या मांजरांना तेच खाद्य लिहून दिले आहे, अशा दोन-तीन घरांनी मिळून मोठी पिशवी घ्यावी. खाद्य कोरड्या, हवाबंद डब्यात ठेवावे, पिशवीवरचे नाव, बॅच क्रमांक आणि मुदतीची तारीख प्रत्येकाने लिहून किंवा फोटो काढून ठेवावी. उघडलेली पिशवी महिना-सव्वा महिन्यात संपवावी, कारण हवा लागून त्यातली चरबी खवट होते.

आणखी काही मार्ग. वाटीने अंदाजे घालू नका, स्वयंपाकघरातल्या छोट्या काट्यावर मोजा. जास्त घातलेले खाद्य म्हणजे वाया गेलेले पैसे आणि वाढलेले वजन, आणि लठ्ठपणा या आजाराचा धोका वाढवतो. मुदत जवळ आलेल्या पिशव्यांवर दुकानदार सूट देतात. ती मुदतीआधी संपणार असेल तर जरूर घ्या. तीन-चार दुकानांत आणि ऑनलाइन भाव विचारा. पण पिशवीतून काढून सुटे विकले जाणारे ‘तेच खाद्य’ घेऊ नका. ते कोणते, किती जुने, हे कळायला मार्ग नसतो.

डॉक्टरांना हे पाच प्रश्न विचारा

पैशांची अडचण सांगायला लाजू नका. ती सांगितली तर डॉक्टर उपचाराची आखणी बदलू शकतात. लपवली तर आपण मध्येच खाद्य बंद करतो आणि आजार उलटतो.

१. तपासणीत काय निघाले : स्ट्रुव्हाइट, ऑक्झलेट, की खडा नसलेला दाह?

२. हे खाद्य खडा विरघळवण्यासाठी आहे, की पुन्हा होऊ नये म्हणून?

३. किती आठवडे द्यायचे? नंतर साध्या ओल्या खाद्यावर येता येईल का?

४. याच कामाचे दुसऱ्या कंपनीचे कोणते खाद्य चालेल?

५. लघवीची आणि एक्स-रेची पुढची तपासणी कधी?

तिसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. पुष्कळ जण ‘आता जन्मभर हेच’ असे गृहीत धरून हाय खातात आणि सुरुवातच करत नाहीत. काही मांजरांना खरेच कायम लागते. काहींना खडा विरघळल्यावर आणि तपासणी चांगली आल्यावर साधे ओले खाद्य आणि भरपूर पाणी यावर ठेवता येते. हा निर्णय मात्र तपासणीवर व्हावा, पाकीट संपले म्हणून नव्हे.

तपासणीबद्दल एक गोष्ट. लघवीचा नमुना तासन् तास पडून राहिला किंवा थंड झाला तर बाटलीतच स्फटिक तयार होतात आणि नसलेला आजार दिसतो. नमुना ताजा, शक्यतो अर्ध्या तासात पोचवा. शिवाय थोडे स्फटिक दिसले म्हणजे खडा आहेच असे नाही. निरोगी मांजराच्या लघवीतही ते सापडतात.

घरचे अन्न : काय चालते, काय नाही

आपल्या घरातले मांजर दूध-भात, माशांची डोकी, सुकट, बोंबील यावर वाढलेले असते. सुक्या मासळीत मीठ असते, आणि डोकी-काट्यांत फॉस्फरस आणि मॅग्नेशियम. स्ट्रुव्हाइट झालेल्या मांजराला हे बंद करायला हवे. नाहीतर एकीकडे महाग खाद्य आणि दुसरीकडे सुकट, म्हणजे ओंजळीने भरायचे आणि घागरीने ओतायचे.

मग नुसती उकडलेली कोंबडी? दोन घास चालतील, पण तेच पूर्ण जेवण नव्हे. त्यात कॅल्शियम नसल्यासारखेच असते. टॉरिन नावाचा घटक उकळलेल्या पाण्यात उतरतो आणि ते पाणी आपण फेकतो. टॉरिन कमी पडले की मांजराचे हृदय आणि डोळे खराब होतात. हृदयाचा हा संबंध १९८७ मध्ये संशोधनातून सिद्ध झाला आणि त्यानंतर कंपन्यांनी खाद्यातले टॉरिन वाढवले. घरच्या अन्नावरच ठेवायचे असेल तर पाककृती पशुवैद्यकाकडून मापासह लिहून घ्या. खडा विरघळवण्याच्या काळात मात्र डॉक्टरांनी दिलेल्या खाद्यात दुसरे काही मिसळू नका. मिसळले की त्याचा परिणाम पातळ होतो.

नवे खाद्य मांजर लगेच खाईलच असे नाही. जुन्यात नवे थोडे थोडे वाढवत आठवडाभरात बदल करा. ‘भूक लागली की खाईल’ म्हणून उपाशी ठेवू नका. दोन-तीन दिवस न खाल्लेल्या मांजराचे, विशेषतः लठ्ठ मांजराचे, यकृत बिघडू शकते.

ज्याला पैसे लागत नाहीत असा उपचार

खडा नसलेल्या दाहात घरातला ताण कमी करणे हाच मोठा उपचार आहे. अमेरिकेतल्या ओहायो स्टेट विद्यापीठातल्या पशुवैद्यकांनी २००६ मध्ये दाखवले की राहण्याच्या जागेत बदल केल्यावर अशा मांजरांचा त्रास कमी होतो. एका खोलीच्या घरातही हे जमते. कपाटावर चढून बसायला जागा, लपायला पुठ्ठ्याचे खोके, जेवणाची ठरलेली वेळ, रोज दहा मिनिटे दोरीशी खेळ. मातीचा ट्रे रोज साफ, शांत कोपऱ्यात. दोन मांजरे असतील तर ट्रे तीन. लग्नाचा डीजे, फटाके, घराचे रंगकाम, नवे जनावर अशा दिवसांत लक्ष जास्त ठेवा, कारण त्रास बहुधा तेव्हाच उलटतो.

दवाखाना कुठे?

खासगी दवाखान्याचा खर्च झेपत नसेल तर सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात आणि पशुवैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत विचारा. १८८६ साली सुरू झालेले मुंबईचे महाविद्यालय, तसेच नागपूर, परभणी, उदगीर आणि शिरवळ येथील महाविद्यालये महाराष्ट्र पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठाखाली येतात. मुंबईत परळला बाई साकरबाई दिनशॉ पेटिट यांच्या नावाचे जुने धर्मादाय रुग्णालय आहे. जाण्याआधी फोन करून मांजराची लघवी मोकळी करण्याची आणि एक्स-रेची सोय कोणत्या वेळेत आहे, हे विचारून ठेवा. रात्री दोन वाजता बोका कुंथू लागल्यावर हा शोध सुरू करणे उशिराचे ठरते.

कार्यकर्त्यांना आमचे सांगणे एवढेच : आपल्या वस्तीच्या व्हॉट्सअॅप गटावर रात्री उघडे असणारे जवळचे दोन दवाखाने, त्यांचे फोन, आणि मांजर न्यायला ज्याची रिक्षा मिळेल त्याचे नाव आजच टाका. ज्या घरांना तेच खाद्य लागते त्यांची यादी करा आणि पुढची पिशवी मिळून आणा. तोवर प्रत्येक घराने एक काम करावे. रोज ट्रे साफ करताना ओल्या मातीचे गोळे किती झाले ते मोजावे. आज एकही नाही, आणि बोका मात्र सारखा ट्रेमध्ये बसतो आहे, एवढे दिसले तरी दवाखान्यात जायला ते पुरेसे कारण आहे.